बीकॉमनंतर कॅड शिकू का, आणि क्लासला ४८ हजार भरू का? जरा सविस्तर

प्रश्न लांब होता, म्हणून आधी मला जे समजलं ते सांगतो. वय २७, बीकॉम, मिरजेजवळ खत-बियाण्याच्या दुकानात हिशोबाचं काम. घरी लाकूडकामाची आवड आहे, त्यात आता सेकंडहँड थ्रीडी प्रिंटर घेतलाय. शहरातला एक क्लास म्हणतोय सहा महिन्यांचा 'मास्टर' कोर्स करा, ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया, एनएक्स ही कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची, पाचही सॉफ्टवेअर शिकवतो, फी ४८ हजार, हप्ते करून देतो, वर शंभर टक्के प्लेसमेंट. तर हा कोर्स करू का, इंजिनिअरिंग नसताना कोण घेईल का, एआय आल्यावर हे काम राहणार का, नोकरी नाहीच लागली तर छंदाला तरी उपयोग होईल का, आणि लॅपटॉप कुठला घेऊ.

मी आयटीआय ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. शिकलो ड्रॉइंग बोर्डावर, हाताने, नोकरीला लागलो तेव्हा ऑटोकॅड रिलीज १४ होतं, आता भोसरीत छोटं डिझाईन ऑफिस आहे, फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवायची साधनं) आणि एसपीएम (एकाच खास कामासाठी बनवलेली मशीन) यांची कामं घेतो. म्हणजे मी बोलणार ते मशीन शॉपच्या बाजूने. सिव्हिल, इंटिरिअर मी शेजारून बघितलंय, स्वतः केलेलं नाही, ते तेवढ्याच वजनाने घ्या.

आता पहिली गोष्ट. तुमचा सगळा प्रश्न सॉफ्टवेअरभोवती फिरतोय, क्लासवाल्याने तो तसाच मांडून दिला असणार कारण त्याला तेच विकायचंय. पण कंपनी पगार देते तो ड्रॉइंगसाठी, आणि ड्रॉइंग म्हणजे तुम्ही समोर नसताना दुसऱ्या माणसाने वस्तू बनवावी म्हणून दिलेली लेखी सूचना. टर्नरने, फॅब्रिकेटरने, लेसर कटिंगवाल्याने ती शीट हातात घेतली आणि तुम्हाला एकही फोन न करता जॉब बरोबर बनवला तर तुम्ही ड्राफ्ट्समन. फोन आला, 'साहेब हे होल आरपार आहे का', 'हा साईज कुठून धरायचा', तर कुठेतरी काहीतरी राहिलंय. रेषा ऑटोकॅडमधे मारली का पेन्सिलने याच्याशी त्या टर्नरला काही देणंघेणं नसतं.

माझ्याकडे नवीन पोरं येतात तेव्हा मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. कॉम्प्युटर चालूच करत नाही. एक जुना शाफ्ट, व्हर्निअर (माप घ्यायचं साधन), कागद, पेन्सिल देतो आणि म्हणतो याचं ड्रॉइंग काढ, नवा बनवायला पाठवायचाय. शाफ्टवर बेअरिंगची जागा असते, कीवे (चावीची खाच) असतो, टोकाला टॅप केलेलं, म्हणजे आटे पाडलेलं होल असतं. बहुतेक पोरं बेअरिंगच्या जागी व्हर्निअर लावतात, २४.९८ येतं, आणि २४.९८ लिहून मोकळी होतात, काही तर पुढे तिसरा आकडाही अंदाजाने लावतात. त्यांच्याकडे पाच-पाच सॉफ्टवेअरची सर्टिफिकेट असतात. ज्याला काम कळतं तो विचारतो, इथे काय बसतं? मी म्हणतो ६२०५ बेअरिंग. मग तो म्हणतो ६२०५ चा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ म्हणजे हा शाफ्ट झिजलाय, नवा करायचा तर २५ के६ (घट्ट बसण्यासाठीच्या मापाची ठरलेली खूण) लिहायला लागेल, म्हणजे २५.००२ ते २५.०१५ च्या मधे. झिजलेल्या मापावर नवा शाफ्ट केला तर बेअरिंग आत गोल फिरत बसणार आणि महिन्याभरात मशीन परत उघडायला लागणार. हे सांगणारा पोरगा ऑटोकॅडमधे कच्चा असला तरी मी घेतो कारण कमांड मी त्याला शिकवू शकतो. उलटं शिकवायला फार वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर छोट्या ऑफिसला तेवढा वेळ परवडत नाही.

याचा अर्थ सॉफ्टवेअर शिकू नका असा नाही हां. ते यायलाच पाहिजे, आणि हात वेगात चालला पाहिजे. फक्त त्यातलं शिकण्यासारखं किती आहे ते समजून घ्या. टूडीमधे लाईन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, मिरर, अॅरे, लेयर, ब्लॉक, डायमेन्शन स्टाईल आणि मॉडेलमधून लेआऊटवर (प्रिंटच्या पानावर) स्केलने प्रिंट काढणं, एवढ्यात रोजचं बहुतेक काम निघतं. लाईन-ट्रिम आठवड्यात येतं, लेआऊट आणि स्केल मात्र नीट कोणी शिकवत नाही, त्यामुळे पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी 'ए३ वर एकास दोनने प्रिंट दे' म्हटलं की पोरं घाबरतात. थ्रीडीमधे स्केच काढा, त्याला कन्स्ट्रेंट (मापाची बंधनं) लावा, एक्स्ट्रूड (जाडी देणं) नाहीतर रिव्हॉल्व्ह (अक्षाभोवती फिरवणं) करा, पार्ट जोडून असेंब्ली करा, त्यातून ड्रॉइंग काढा, ही चाल सॉलिडवर्क्सला आहे तशीच क्रिओला आहे आणि तशीच कॅटिया, एनएक्सला आहे. बटणांच्या जागा बदलतात. एक नीट आलं की दुसरं कामावर असताना काही आठवड्यांत येतं. म्हणून सहा महिन्यांत पाच शिकवतो असं कोणी म्हणालं की मी समजतो, एकाच पार्टवर पाच वेळा एक्स्ट्रूड करून दाखवणार. एक सॉफ्टवेअर धरा. छोट्या वर्कशॉपमधे माझ्या बघण्यात ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सच जास्त आहेत, कॅटिया आणि एनएक्स मोठ्या गाडी कंपन्या आणि त्यांच्या सप्लायरकडे. तुम्ही कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातच राहणार असाल तर निवड अवघड नाही.

आणि सॉफ्टवेअरबरोबर जे शिकायचं त्याची यादी क्लासच्या ब्रोशरवर सापडणार नाही, म्हणून जरा खोलात सांगतो. सगळ्यात आधी प्रोजेक्शन, म्हणजे वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर कुठे मांडायच्या ते. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, अमेरिकेतल्या ड्रॉइंगवर थर्ड अँगल असतो, शीटच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं त्यावरून ओळखायचं. ते न बघता काम केलं की डाव्या बाजूचा पार्ट उजव्या बाजूचा होऊन बसतो आणि ते कळतं जोडणीच्या वेळी, म्हणजे सगळा माल तयार झाल्यावर.

मग माप कुठून द्यायचं हे. समजा एका पट्टीवर सहा होल आहेत, प्रत्येक दोन होलमधे ४० मिमी अंतर, प्रत्येकावर ±०.१ सूट, म्हणजे एवढा कमी-जास्त फरक चालेल. साखळीसारखं एकापुढे एक माप दिलं तर पहिल्यापासून सहाव्या होलपर्यंत पाच अंतरं झाली, सगळ्यांची सूट एकाच बाजूला गेली तर शेवटचं होल अर्धा मिमी सरकू शकतं आणि प्रत्येक माप सुटं तपासलं तर सगळं पासच होतं! कारागिराची काही चूक नाही, चूक ड्रॉइंगची. तेच सगळी मापं पहिल्या होलपासून दिली तर कुठलंही होल पहिल्यापासून ०.१ च्या वर हलत नाही. आता कुठली पद्धत वापरायची हे त्या पट्टीवर काय बसणार यावर ठरतं. समोरच्या पार्टला सहाच्या सहा पिना आहेत तर एकाच जागेवरून मापं द्या, आणि दोन-दोन होलमधे स्वतंत्र क्लिप बसणार असतील तर साखळी चालते, उलट तीच बरी. हे सॉफ्टवेअर सांगणार नाही, ते दोन्ही तेवढ्याच सुबक काढून देतं.

तिसरं टॉलरन्स, म्हणजे ही सूट किती द्यायची, आणि तो पैशाचा विषय. नवीन माणूस भीतीपोटी सगळीकडे ±०.०१ टाकतो. शॉपवाला ते बघून म्हणतो ठीक आहे, ग्राइंडिंग करून देतो, आणि रेट तिप्पट सांगतो. जिथे काहीच बसत नाही तिथे जनरल टॉलरन्स पुरतो, आयएसओ २७६८ च्या मध्यम श्रेणीत ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ सूट आहे, म्हणजे साध्या मिलिंगवर आरामात निघेल. जिथे शाफ्ट बुशमधे (आतल्या नळीत) सरकायचाय तिथेच एच७, जी६ अशी फिट, म्हणजे एकमेकांत बसण्याची ठरलेली सूट, घाला. २५ च्या बोअरला एच७ म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), शाफ्टला जी६ म्हणजे उणे ७ ते उणे २०. हे आकडे पाठ करायची गरज नाही, तक्ता भिंतीवर लावा, पण कुठे लावायचे ते कळलं पाहिजे. सोबत वर्कशॉपची साधी माहिती, एम ८ च्या टॅपला ड्रिल ६.८, एम ६ ला ५, एम १० ला ८.५, आतल्या कोपऱ्याला एंडमिलचा (मिलिंगच्या गोल कटरचा) रेडियस राहणारच तो शून्य होत नाही, पत्रा वाकवला की फ्लॅट लांबी बदलते. ड्रॉइंगच्या पद्धतीसाठी भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ बघा, विद्यार्थ्यांसाठीच बनवलेलं आहे.

हे सगळं कुठे शिकायचं? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत नाही. दोन वर्षं पगार कमी चालणार असेल तर सरकारी आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड, दोन वर्षांचा, दहावी गणित-विज्ञानावर प्रवेश मिळतो, वयाची वरची अट नाही. २७ व्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरांशेजारी बसायला लाज वाटेल हे मान्य, पण त्या कागदाने एक दार उघडतं जे क्लासच्या सर्टिफिकेटने उघडत नाही. मोठ्या कंपनीत एचआर आधी डिग्री-डिप्लोमा-आयटीआय अशी चाळण लावते, बीकॉम अधिक कॅड कोर्स तिथेच गळतो, तुमचं काम कितीही चांगलं असो. अॅप्रेंटिसशिपचाही रस्ता आयटीआयवाल्याला सोपा जातो. दुसरा पर्याय संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाखालची संस्था, तिथे टूल-डाय आणि कॅड-कॅमचे छोटे-मोठे कोर्स असतात आणि मुख्य म्हणजे खाली मशीन असतात. प्रवेशाच्या अटी कोर्सप्रमाणे वेगळ्या, तेवढं आधी बघून घ्या.

नोकरी सोडणं शक्य नसेल तर क्लास चालेल, पण एका सॉफ्टवेअरचा, दोन-तीन महिन्यांचा, आणि पैसे भरायच्या आधी जरा चौकशी करा. शिकवणारा माणूस कधी शॉप फ्लोअरवर होता का हे विचारा. मागच्या बॅचच्या पोरांची ड्रॉइंग दाखवा म्हणा, कागदावर प्रिंट केलेली, आणि त्यावर लाल पेनाच्या खुणा आहेत का ते बघा. खुणा नसतील तर तिथे कोणी तपासतच नाही. एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा. हप्त्याचा कागद नीट वाचा, पुष्कळदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि क्लास सोडला तरी हप्ता चालूच राहतो. शंभर टक्के प्लेसमेंटचा अर्थ विचाराल तर बहुतेक वेळा 'इंटरव्ह्यूला पाठवतो' एवढाच निघतो, तो लेखी मागा. आता ४८ हजाराचं सरळ सांगतो, मी भरले नसते. त्यातल्या थोड्या पैशात चांगलं व्हर्निअर, एक महिनाभराचं मार्गदर्शन आणि लेसर कटिंगवाल्याकडे स्वतःच्या ड्रॉइंगवरून चार पार्ट बनवून घेणं एवढं होतं, आणि त्यात जास्त शिकाल.

इंजिनिअरिंगशिवाय नोकरी मिळते का? छोट्या ठिकाणी मिळते. फॅब्रिकेशन, पत्र्याचं काम, फर्निचर कारखाने, इलेक्ट्रिकल पॅनेलवाले, हे लोक डिग्री कमी आणि काम जास्त बघतात. पहिलं वर्षभर पगार बघून वाईट वाटेल, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरला ओव्हरटाईम धरून तुमच्यापेक्षा जास्त मिळेल, ही तयारी ठेवा. दोन-तीन वर्षांनी, तुमचं ड्रॉइंग बिनधास्त शॉपला जातं असं नाव झालं की फरक पडतो. तुमच्या हिशोबाच्या कामाचा पण उपयोग आहे, बीओएम (लागणाऱ्या पार्ट-मालाची यादी) बनवणं, मटेरियलचं वजन काढून कोटेशन लावणं हे ड्राफ्ट्समन लोक टाळतात, छोट्या मालकाला तेच हवं असतं.

सिव्हिलबद्दल एवढंच की तिकडे घरांचे मंजुरीचे नकाशे आणि वर्किंग ड्रॉइंग ही दोन वेगळी कामं आहेत. मुंबई आणि काही भाग सोडला तर राज्यात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही बांधकामाची एकच नियमावली आहे, आणि ऑनलाईन मंजुरीत बऱ्याच ठिकाणी ड्रॉइंग सॉफ्टवेअर तपासतं, म्हणजे ठरवून दिलेल्या नावाचा लेयर पाहिजे, पॉलीलाईन बंद पाहिजे, नाहीतर एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याचा) हिशोबच लागत नाही. सही परवानाधारक आर्किटेक्टची नाहीतर इंजिनिअरची, काम ड्राफ्ट्समनचं. लेयरची शिस्त असलेल्या माणसाला तिथे जागा आहे. रेव्हिट, बीआयएम (इमारतीचं सगळ्या माहितीसकट थ्रीडी मॉडेल) हा तिथला पुढचा रस्ता, पण त्याबद्दल त्या क्षेत्रातल्या माणसाला विचारा.

मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलीय, लाकूडकाम. तुम्ही ज्या पट्ट्यात राहता तिथे किर्लोस्करवाडी १९१० पासून आहे, कोल्हापूर-सांगलीकडे फाउंड्रींची (ओतकामाच्या कारखान्यांची) दाटी आहे, आणि प्रत्येक फाउंड्रीला लागतो पॅटर्न. ओतकाम करायच्या वस्तूची आधी प्रतिकृती बनते, ती वाळूत दाबून पोकळी तयार होते, त्यात लोखंड ओततात. ही प्रतिकृती वर्षानुवर्षं सुतारच लाकडात करत आलेत, सागवानात, नंतर अॅल्युमिनियममधे, आता पॅटर्न शॉपमधे सीएनसी राउटर आणि व्हीएमसी आलेत, छोट्या कामाला काही जण थ्रीडी प्रिंट करूनही बघतात. म्हणजे लाकूड, कॅड आणि प्रिंटर या तुमच्या तिन्ही गोष्टी एकाच दुकानात भेटतात आणि ते दुकान तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे!

पॅटर्नमधे गंमत अशी की ड्रॉइंगमधल्या मापाला पॅटर्न करून चालत नाही. लोखंड थंड होताना आकसतं, ग्रे आयर्नला साधारण एक टक्का, म्हणजे मीटरला १० मिमी, स्टीलला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. जिथे मशीनिंग होणार तिथे वर दोन-तीन मिमी जास्तीचं मटेरियल ठेवायचं. उभ्या भिंतींना एक-दोन अंशाचा उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न वाळूतून वर काढताना कड मोडते. पार्टिंग लाइन (साचा जिथे दोन भागांत उघडतो ती रेघ) कुठे घ्यायची हे ठरवायचं, आतली पोकळी कोअरने (वाळूच्या वेगळ्या गाभ्याने) करायची तर कोअर बॉक्स वेगळा आणि कोअर टेकायला कोअर प्रिंट. जुना पॅटर्नमेकर हे सगळं डोक्यात ठेवतो, त्याच्याकडे आकसण्याचा हिशोब आधीच धरलेली पट्टी असते, साध्या पट्टीपेक्षा किंचित लांब. कॅडमधे तेच मॉडेल १.०१ ने स्केल केलं की झालं, पण मशीनिंग अलाउन्स आणि उतार कुठे, किती, हे त्या म्हाताऱ्या माणसालाच विचारायला लागतं. असा एखादा पॅटर्नमेकर गाठा, रविवारी जाऊन बसा, फुकट पडेल ते काम करा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना थ्रीडी करून देणारा माणूस हवाच असतो, बाहेर करून घेतलेलं मॉडेल उताराविना येतं म्हणून ते वैतागलेले असतात. तुमच्या जागी मी असतो तर नोकरीच्या अर्जाआधी हे केलं असतं. हां, फाउंड्रीची मंदी आली की पॅटर्न शॉपही थंडावतं, एवढं लक्षात ठेवा, एकाच गिऱ्हाईकावर अवलंबून राहू नका.

छंदाचं वेगळं सांगायची गरज उरली नाही तरी दोन गोष्टी. घरच्या कपाटाचं ड्रॉइंग करताना प्लायची खरी जाडी मोजून मॉडेलमधे घाला, १८ म्हणून विकलेला प्लाय नेमका १८ असेलच असं नाही, आणि दोन्ही बाजूंना १ मिमी सनमायका लागला की १८ चे २० होतात, सहा फळ्यांत १२ मिमी जातात आणि मग ड्रॉवर बसत नाही. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण १३ मिमी जागा लागते, म्हणजे आतली रुंदी ४५० असेल तर ड्रॉवर बाहेरून ४२४ चा. ८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० बाय १२२०, तिच्यावर सगळे तुकडे बसवून बघताना प्रत्येक कापाला करवतीचे तीनेक मिमी सोडा. हे एकदा पॅरामीटर लावून (मापं एकमेकांशी जोडून) मॉडेल केलं की जाडी बदलली तरी सगळं कपाट आपोआप बदलतं, सुताराच्या डोक्यात हे असतं पण आपल्याला कागद लागतो. प्रिंटरवर होल ड्रॉइंगपेक्षा थोडं लहान येतं, दोन पार्ट एकमेकांत बसवायचे तर ०.२ ते ०.३ मिमीची गॅप ठेवून सुरुवात करा आणि आपल्या मशीनचा आकडा शोधून तो वहीत लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर फुकटात कुठलं? फ्रीकॅड घ्या, नोव्हेंबर २०२४ मधे त्याची १.० आवृत्ती आली आणि आधी जो त्रास होता, मागचं एक स्केच बदललं की पुढचं सगळं मोडायचं, तो बराच कमी झालाय. धंद्याला वापरलं तरी चालतं आणि त्यात सीएनसीचा प्रोग्राम काढायची सोय पण आहे. टूडीला लिब्रेकॅड, डीएक्सएफ फाईल छान काढतं, लेसरवाल्याला तेच लागतं. ऑनशेप ब्राउझरमधे चालतं, शिकायला उत्तम, पण फुकट खात्यातली सगळी डॉक्युमेंट जगाला दिसतात, गिऱ्हाईकाचं काम तिथे टाकू नका. ऑटोडेस्क कंपनीच्या फ्युजन या थ्रीडी सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती फुकट आहे, ती धंद्यासाठी नाही, आणि एका वेळी दहाच डॉक्युमेंट एडिट करता येतात. २०२० मधे कंपनीने त्यातल्या बऱ्याच सोयी काढून घेतल्या, तेव्हा फुकट दिलेलं परत जाऊ शकतं हे धरून चाला आणि आपले पार्ट स्टेप फाईलमधे (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधेही उघडते ती) जपून ठेवा. ऑटोकॅडचं विद्यार्थी लायसन्स मान्यताप्राप्त संस्थेत नाव असलेल्यांनाच मिळतं, आयटीआयला गेलात तर तो एक जादा फायदा. क्रॅक टाकू नका, नीतीचं सोडा, व्हायरस येतो, आणि उद्या नोकरीच्या ठिकाणी सवयीने टाकलंत तर लायसन्सची नोटीस मालकाला येते.

एआयचं म्हणाल तर ड्राफ्टिंगमधलं सोपं काम कायमच कमी होत आलंय. १९६३ ला एमआयटीत इव्हान सदरलँडने स्केचपॅड करून स्क्रीनवर रेषा काढून दाखवली, १९८२ च्या शेवटी ऑटोकॅड आलं, १९९५ ला सॉलिडवर्क्स, आणि दरवेळी आधी गेला तो ट्रेसर (दुसऱ्याचं ड्रॉइंग गिरवून काढणारा), मग फक्त व्ह्यू काढून देणारा. आमच्या बोर्डावरच्या वेळी इंकिंग चुकलं की ब्लेडने ट्रेसिंग पेपर खरवडायचा, त्या कामाला आता कोण पगार देईल! आता व्ह्यू तर सॉफ्टवेअर स्वतःच काढतं, मापंही टाकून देतं, ढिगाने, आणि त्यातली निम्मी नको असतात. जुनी पीडीएफ बघून तीच परत काढून देणं एवढंच ज्याला येतं त्याचं काम जाईल, माझ्याकडेच ते आता कमी झालंय. शाफ्ट हातात घेऊन इथे काय बसत होतं हे विचारणारा सध्या तरी माणूसच लागतो, पुढच्या वीस वर्षांचं मी सांगू शकत नाही.

थोडक्यात क्रम असा लावा. पुढचे तीन-चार महिने दुकानातली नोकरी चालू ठेवून फ्रीकॅड नाहीतर ऑनशेपवर रोज तासभर, आणि घरातल्याच वस्तू मोजायच्या, नळाचा व्हॉल्व्ह, सायकलचा पेडल, दाराची बिजागरी, मिक्सरचा कपलर, प्रत्येकाचं ए४ वर नीट ड्रॉइंग. त्यातलं एखादं लेथवाल्याला देऊन बनवून घ्या आणि तो काय काय विचारतो ते लिहून ठेवा, तोच तुमचा अभ्यासक्रम. सोबत पॅटर्न शॉपच्या चकरा. एवढं करून मन रमलं तर आयटीआय का क्लास ते तेव्हा ठरवा, जून-जुलैच्या आसपास आयटीआयचे प्रवेश निघतात. नाही रमलं तर कपाटं तरी चांगली होतील आणि ४८ हजार खिशात.

लॅपटॉपचं राहिलं. पार्ट आणि छोट्या असेंब्लीला सध्याचा आय५ नाहीतर त्या तोडीचा रायझन, १६ जीबी रॅम, एसएसडी एवढं भरपूर आहे, महागडं ग्राफिक्स कार्ड आत्ता नको. दुकानदार आठ जीबी गळ्यात मारेल, घेऊ नका, किंवा पुढे रॅम वाढवता येते का बघून घ्या. वाचलेल्या पैशात २४ इंची जुना मॉनिटर घ्या कारण पंधरा इंची स्क्रीनवर ए१ शीट वाचताना डोळे जातात, आणि माऊस चाक दाबता येणारा, वायरचा. टचपॅडवर कॅड शिकायचा प्रयत्नसुद्धा करू नका.